पट्टी, लखोटा आणि पोच : नवशिक्या प्रोग्रामरचे एक्सएमएल

एक्सएमएल ही मजकुरातल्या प्रत्येक भागाला नाव देऊन तो मांडण्याची पद्धत आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी येते. तिच्यावर नाव, गाव, पोत्यांची संख्या, वजन, दर, हमाली-तोलाईसारख्या वजावटी आणि शेवटी हाती पडणारी रक्कम असते. कोणता आकडा वजनाचा आणि कोणता दराचा हे दिवाणजीला आणि शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रकाना पाहून ते ओळखतात. यंत्राला ही सवय नसते. त्याच्यासाठी प्रत्येक आकड्याच्या आधी आणि नंतर त्याचे नाव लिहावे लागते :

<पट्टी क्रमांक="२१७">
<गाव>तासगाव</गाव>
<पोती>१२</पोती>
<वजन एकक="क्विंटल">६.४०</वजन>
<दर>१२५००</दर>
</पट्टी>

मूळ कल्पना एवढीच आहे. कोनी कंसातल्या नावाला टॅग म्हणतात, उघडणारा आणि बंद होणारा टॅग मिळून एक एलिमेंट होतो आणि टॅगच्या आत लिहिलेल्या क्रमांक, एकक अशा जोडमाहितीला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. वेबपानाच्या एचटीएमएलमध्ये टॅगांची नावे आधीच ठरलेली असतात. एक्सएमएलमध्ये ती ज्याचे काम त्याने ठरवायची असतात. नवशिक्याला हे पहिल्या दिवशी फार सोपे वाटते. नावे ठरवणे हेच या कामातले सर्वांत अवघड काम आहे हे कळायला मात्र वर्ष जाते.

या पद्धतीची मुळे १९६९ साली आयबीएममध्ये सुरू झालेल्या कामात आहेत. गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी या तिघांनी कायदेशीर कागदपत्रे यंत्रात साठवण्यासाठी जी भाषा रचली तिचे जीएमएल हे नाव त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांशी जुळते. तिच्यापासून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. ते समर्थ होते, पण इतके अवजड की छोट्या कार्यालयाने त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यातले जड भाग काढून वेबसाठी हलकी केलेली आवृत्ती म्हणजे एक्सएमएल. डब्ल्यू३सी या संस्थेने तिला १० फेब्रुवारी १९९८ रोजी मान्यता दिली. योगायोगाने त्याच वर्षी कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणाकाठच्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. गावातल्या केंद्रावरच्या संगणकातून उसाची नोंद, तोड आणि वजन यांची माहिती शेतकऱ्याला मिळावी, हा त्याचा हेतू होता. दोन यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न अमेरिकेतल्या समित्यांपुढे होता तसा उसाच्या फडापुढेही उभा होता.

या भागातल्या मुलाची संगणकाशी पहिली ओळख बहुधा एमएस-सीआयटीच्या वर्गात होते. हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला आणि तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. पुढची वाट सांगलीचे वालचंद महाविद्यालय, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा शिवाजी विद्यापीठाशी जोडलेल्या एखाद्या महाविद्यालयातली संगणकाची पदवी अशी जाते. वालचंद १९४७ चे, कराडचे १९६० चे. दोन्हींचा पाया यंत्र, वीज आणि बांधकाम या जुन्या शाखांवर उभा राहिला. संगणक तिथे नंतर आला. अभ्यासक्रमात एक्सएमएलला वेब तंत्रज्ञानाच्या विषयातले एखादे प्रकरण मिळते. त्यातली उदाहरणे परदेशी गाण्यांच्या तबकड्यांची किंवा न्याहारीच्या पदार्थांची असतात. ती पाठ होतात, परीक्षेत लिहिता येतात आणि पहिल्या खऱ्या कामात उपयोगी पडत नाहीत. पहिले खरे काम अडत दुकानाचे, पतसंस्थेचे किंवा साखर कारखान्याच्या शेती खात्याचे असते, आणि तिथला कागद न्याहारीच्या यादीइतका सरळ नसतो.

पहिली ठेच बहुतेकांना एकाच ठिकाणी लागते. यार्डातल्या आणि बाजारपेठेतल्या पेढ्यांच्या नावांत ‘आणि’च्या जागी & हे चिन्ह असते. एक्सएमएलमध्ये हे चिन्ह राखीव आहे. पुढे सांकेतिक नाव येणार असल्याची ती खूण असते. ‘अँड सन्स’ म्हणून ते चिन्ह जसेच्या तसे लिहिले की पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम, तिथेच थांबतो. दोनशे पट्ट्यांची फाइल असेल आणि चूक एकशे एकाहत्तराव्या पट्टीत असेल, तरी ती संपूर्ण फाइल नाकारली जाते. ‘५० किलोपेक्षा कमी’ हे चिन्हाने लिहिले तरी हेच होते, कारण ते चिन्ह टॅग उघडण्याचे आहे. उघडलेले टॅग उलट्या क्रमाने बंद झाले नाहीत, एकाऐवजी दोन मूळ एलिमेंट झाले, अ‍ॅट्रिब्यूटच्या किमतीला अवतरणचिन्हे द्यायची राहिली, तरी निकाल तोच. एचटीएमएल अशा चुका पोटात घालते. ब्राउझर अंदाज बांधून पान दाखवतो. एक्सएमएलने जाणूनबुजून तसे केलेले नाही. पान थोडे वाकडे दिसले तर चालते, पण वजनाच्या जागी दर वाचला गेला तर शेतकऱ्याचे पैसे चुकतात. म्हणून अंदाज नाही. सुरुवातीला हा कडकपणा जाच वाटतो. हिशेबाच्या कामात तो वरदान आहे.

यातून नवशिक्याने धरायची सवय अशी : एक्सएमएल अक्षरांचे तुकडे जोडून तयार करू नये. टॅग, मजकूर आणि पुन्हा टॅग असे हाताने जोडत जाणे हा पहिला मोह असतो, कारण तसे करणे लगेच जमते. लेखनाचे काम लायब्ररीकडे दिले की राखीव चिन्हांची काळजी तीच घेते. पेढीचे नाव कसेही असो, फाइल मोडत नाही.

मराठी मजकुराचा प्रश्न याहून खोल आहे आणि पुस्तकांत त्याला जवळजवळ जागा नाही. या भागातल्या कार्यालयांत वर्षानुवर्षे श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव अशा प्रणालींत मराठी टंकले गेले. पडद्यावर अक्षर मराठी दिसे, पण आत साठवलेला संकेत रोमन चिन्हांचा असे. टंक बदलला की त्याचा अर्थ जाई. अशा डेटाबेसमधून शेतकऱ्यांची नावे उचलून एक्सएमएलमध्ये टाकली की फाइल नियमात बसते, पार्सर काहीच तक्रार करत नाही आणि पलीकडच्या यंत्रावर नावांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. इथे यंत्राची चूक नसते. नाव कधी मराठीत साठवलेच गेलेले नसते. ते आधी युनिकोडमध्ये आणावे लागते, आणि रूपांतराच्या प्रोग्रामने आणलेले प्रत्येक नाव कुणीतरी डोळ्यांनी तपासावे लागते. जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी या तीन जागी रूपांतर हमखास घसरते.

युनिकोडमध्ये आल्यावरही काम संपत नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘सांगली’ या नावात स, काना, अनुस्वार, ग, ल आणि वेलांटी अशी सहा चिन्हे आहेत, म्हणजे ते १८ बाइटांचे होते. ‘सातारा’ही तितकेच. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, म्हणून नावासाठी तीस बाइटांची जागा भरपूर वाटते आणि मग लांब आडनावाचे शेपूट मधूनच तुटते. फाइल नोटपॅडमध्ये एएनएसआय या पर्यायाने जतन केली तर सगळी मराठी अक्षरे प्रश्नचिन्हे होतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. जुने नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट जोडत असे. ते काही प्रोग्रामना खपत नसत आणि पहिल्या टॅगच्या आधी मजकूर आल्याची तक्रार येई. पडद्यावर पहिल्या टॅगच्या आधी काहीही दिसत नसे. या एका अदृश्य खुणेपायी अनेकांच्या रात्री गेल्या आहेत.

आणि मग ऱ्याचा प्रश्न. ‘साताऱ्याचा’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त येतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, यंत्राच्या दृष्टीने मात्र ती वेगळी असतात, आणि युनिकोडची नेहमीची प्रमाणीकरणाची पायरीसुद्धा त्यांना एक करत नाही. एकाच शेतकऱ्याची खाती दोन झाली आणि त्याचे कारण कुणालाच सापडत नसेल तर सर्वांत आधी नावातला हा र पाहावा. टॅगांच्या नावांतही तो आडवा येतो. एक्सएमएलमध्ये देवनागरी टॅग पहिल्यापासून चालतात, पण ते अदृश्य जोडचिन्ह नावात चालू लागले ते २००८ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून. जुन्या नियमांवर चालणारे पार्सर आजही ठिकठिकाणी आहेत. त्यामुळे एका यंत्रावर वाचलेला टॅग दुसऱ्यावर नाकारला जातो. टॅगांची नावे मराठीत ठेवावीत असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी ती जरूर ठेवावीत, फक्त ‘ऱ्या’ असलेली रूपे टाळावीत. ‘शेतकरी’ चालते, म्हणून ‘शेतकऱ्याचे नाव’ असा टॅग करण्याची गरज नाही.

फाइल वाचता आली म्हणजे ती बरोबर आहे असे नाही. वाचण्याजोगी असणे आणि ठरलेल्या साच्यात बसणे या दोन पायऱ्या आहेत. साचा लिहिण्याची प्रचलित पद्धत म्हणजे एक्सएमएल स्कीमा. ती २००१ साली प्रमाण झाली. कोणता एलिमेंट कुठे, किती वेळा आणि कोणत्या प्रकारच्या मजकुराचा, हे ती सांगते. ती शिकवायला सातबारा उताऱ्याइतके चांगले उदाहरण नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन नमुने त्यात एकत्र येतात. पहिल्यात जमिनीचा ताबा आणि हक्क, दुसऱ्यात पिके. खातेदार एक असू शकतो किंवा वीस. पिके दर हंगामाची वेगळी. म्हणजे ‘किमान एक, कमाल कितीही’ हा नियम कशासाठी आहे हे समजावण्याची गरजच उरत नाही.

आता नवशिका साचा लिहितो. गट क्रमांक म्हणजे क्रमांक, म्हणून तो पूर्णांक असे ठरवतो. पहिल्या गावाची माहिती बसते. दुसऱ्या गावात १२३/१/अ असा गट येतो आणि साचा फुटतो, कारण वाटण्या होत गेल्या तसे हिस्से पडत गेले. नावात क्रमांक आहे म्हणून ती संख्या होत नाही. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो मजकूर समजावा. क्षेत्राचेही तसेच. उताऱ्यावर ते हेक्टर, आर, चौरस मीटर असे ०.४५.०० या रूपात असते. दोन टिंबांची दशांश संख्या जगात नाही. ते तीन वेगळे भाग करूनच साठवावे लागते.

देवनागरी आकडे हा आणखी एक खळगा. वर पट्टीत ६.४० लिहिले आहे, ते माणसाला समजते. स्कीमाची दशांश संख्या मात्र इंग्रजी अंकांतलीच हवी असते. गंमत अशी की पायथॉनसारखी भाषा देवनागरी अंकांतले वजन बिनतक्रार संख्येत बदलते, जावास्क्रिप्ट ते संख्या मानतच नाही, आणि स्कीमामध्ये ‘सहा अंक’ असा नमुना नेहमीच्या खुणेने लिहून पिनकोड तपासला तर देवनागरी अंकही पास होतात. म्हणजे एकच आकडा एका दारातून आत येतो, दुसऱ्यातून परत जातो. माहिती साठवताना आणि पाठवताना आकडे इंग्रजी ठेवावेत आणि कागदावर किंवा पडद्यावर दाखवताना देवनागरीत करावेत, हा उपाय सोपा आहे आणि तो पहिल्याच दिवशी करायचा असतो. १,२५,००० मधले स्वल्पविरामही तसेच फक्त दाखवण्यापुरते. तारखेत ०५/०४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे, हा गोंधळ टाळायला स्कीमाने वर्ष, महिना, दिवस हा क्रम सक्तीचा केला आहे. हळदीचा हंगाम याच महिन्यांत असतो. त्यामुळे सांगलीत हा गोंधळ निव्वळ कल्पनेतला राहत नाही.

आतापर्यंतची उदाहरणे हिशेबाची आहेत. एक्सएमएलचा जन्म मात्र दस्तऐवजासाठी झाला, आणि ती बाजू समजून घ्यायला सातारा जिल्ह्यातल्या वाईला जावे. मराठी विश्वकोशाचे काम तिथे चालले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते आणि पहिला खंड १९७६ साली निघाला. विश्वकोशातली कुठलीही नोंद समोर घेऊन तिला टॅग लावून पाहावेत. शीर्षक, मजकूर, मधेच येणारे शास्त्रीय नाव, दुसऱ्या नोंदीकडे नेणारी खूण, शेवटी संदर्भग्रंथ आणि लेखकाचे नाव. पट्टीत प्रत्येक आकडा आपापल्या खणात असतो. इथे एकाच वाक्यात साधा मजकूर, तिरप्या अक्षरातले नाव आणि दुसऱ्या नोंदीचा दुवा हे सगळे मिसळलेले असते. या मिश्र मजकुराला रकान्यांच्या तक्त्यात जागाच नाही. जेसन या माहिती मांडण्याच्या दुसऱ्या पद्धतीतही तो बसवायचा तर वाक्याचे तुकडे करून यादी करावी लागते. एक्सएमएल तो सहज पेलते. एक्सएमएल जुने झाले असे म्हणणाऱ्याने एकदा विश्वकोशाची चार पाने टॅग करून पाहावीत.

टॅग कशाला लावायचा हा खरा प्रश्नही तिथेच भेटतो. तिरपे अक्षर दिसले म्हणून ‘तिरपे’ असा टॅग लावला तर दिसणे साठवले जाते. तेच वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणून टॅग लावला तर अर्थ साठवला जातो आणि उद्या सगळ्या खंडांतल्या वनस्पतींची सूची एका आज्ञेत काढता येते. संपादक ज्याला नोंदीची शिस्त म्हणतात त्यालाच प्रोग्रामर रचना म्हणतो.

प्रोग्रामने एक्सएमएल फाइल वाचण्याच्या दोन पद्धती थोडक्यात. डॉम पद्धतीत सगळी फाइल स्मृतीत झाडासारखी उभी राहते, कुठूनही कुठेही जाता येते. सॅक्स पद्धतीत फाइल वरून खाली वाहत जाते, आलेला टॅग तिथल्या तिथे वापरायचा. एका दिवसाच्या पट्ट्यांना डॉम पुरते. कारखान्याच्या गाळप हंगामाची सगळी वजने एका फाइलमध्ये आली की यंत्र गुदमरते आणि सॅक्स शिकावे लागते.

फाइल वाचता आली की पुढचा प्रश्न ती दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याचा. वेब सर्व्हिस म्हणजे एका यंत्रावरचे काम दुसऱ्या यंत्राला नेटवर्कवरून सांगता यावे म्हणून उघडलेले दार. माणसासाठी वेबपान असते, प्रोग्रामसाठी वेब सर्व्हिस. तिचे सुरुवातीचे रूढ रूप सोप या नावाने ओळखले जाते. त्यात निरोप एका लखोट्यात घालतात. लखोट्याला दोन भाग : वरचा पत्त्याचा आणि ओळखीचा, आतला कामाचा. काम फसले तर उत्तराच्या लखोट्यात दोषाची चिठ्ठी येते. हे दार काय काय करते, कोणता निरोप घेते आणि काय परत देते हे लिहून ठेवण्याची भाषा म्हणजे डब्ल्यूएसडीएल, २००१ ची. अशा सगळ्या सेवांची जगभराची एक सूची असावी म्हणून यूडीडीआय ही योजना निघाली. ती चालली नाही. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी आपल्या सार्वजनिक सूची २००६ च्या जानेवारीत बंद केल्या. अनोळखी दाराशी कुणी सूची पाहून व्यवहार करत नाही हे यार्डातल्या कोणत्याही अडत्याने आधीच सांगितले असते.

२००२ मध्ये डॉटनेट आले तेव्हा साध्या फंक्शनवर एक खूण केली की त्याची सर्व्हिस तयार होई. लखोटा, वर्णन आणि पलीकडच्या बाजूचा कोड हे सगळे साधन स्वतः लिहीत असे. यामुळे असंख्य मुलांनी पहिल्याच दुपारी वेब सर्व्हिस चालवली. नुकसानही यामुळेच झाले. आत काय जाते-येते हे न पाहता काम चालते, आणि न चालल्यावर कुठे पाहावे हेच कळत नाही. शिकणाऱ्याने पहिले दहा निरोप हाताने लिहून, साध्या पोस्ट विनंतीने पाठवून, आलेले उत्तर जसेच्या तसे वाचावे. साधने नंतर वापरायची आहेतच.

या सरावाला या भागात सर्वांत सोयीचे दार टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचे आहे, कारण तो दुकानादुकानात आधीच बसवलेला असतो. टॅली ठरावीक पोर्टवर, बहुधा ९००० वर, एक्सएमएल निरोप घेते. बाहेरचा टॅग लखोट्याचा, आत शीर्ष आणि आशय, आशयात व्हाउचर. उत्तरात किती नोंदी नव्या झाल्या, किती बदलल्या आणि किती चुकल्या याचे आकडे येतात. पट्टीचा प्रोग्राम आणि हिशेबाचे पुस्तक यांची गाठ घालणे हे सांगली-साताऱ्याकडच्या कित्येक नवशिक्यांचे पहिले पगारी काम असते, आणि त्यात शिकण्याजोगे सगळे आहे. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, मधल्या रेघांशिवाय. नावेची रक्कम उणे चिन्हाने आणि जमेची चिन्हाशिवाय, हे माहीत नसेल तर व्हाउचर उलटे पडते. खात्याचे नाव टॅलीतल्या नावाशी अक्षरशः जुळावे लागते. ‘हमाली खाते’ या नावात एक जागा जास्त पडली तर असे खातेच नाही म्हणून उत्तर येते. इथे एचटीटीपीचा २०० हा आकडा आला म्हणून काम झाले असे समजायचे नसते. त्याचा अर्थ निरोप पोहोचला एवढाच. नोंद झाली की नाही हे उत्तराच्या पोटात वाचावे लागते.

स्वतःच्या यंत्रावर चाललेला प्रोग्राम दुकानात चालत नाही हा अनुभव कुणाला चुकलेला नाही. घरी दोन्ही प्रोग्राम एकाच संगणकावर होते. दुकानात टॅली आतल्या खोलीतल्या यंत्रावर आणि पट्टीचा प्रोग्राम बाहेर काट्याजवळ. मधे फायरवॉल, राउटर आणि रोज बदलणारा अंतर्गत पत्ता. पत्ता प्रोग्रामात पक्का लिहून ठेवलेला असतो आणि राउटर बंद-चालू झाला की तो बदलतो. मग दिवाणजींचा फोन येतो. पत्ता प्रोग्रामाबाहेर, सहज बदलता येईल अशा फाइलमध्ये ठेवावा हे या एका फोनने कायमचे शिकवले जाते.

याहून मोठा धडा भारनियमनाने दिला. ज्या वर्षांत गावांतून तासन्‌तास वीज जात असे, तेव्हा असे होई : निरोप गेला, पलीकडे नोंद झाली आणि उत्तर यायच्या आत वीज गेली. वीज आल्यावर प्रोग्रामला वाटे की काम राहिले. तो निरोप पुन्हा पाठवी. एका पट्टीची दोन व्हाउचरे होत आणि महिनाअखेर किर्द-खतावणी जुळत नसे. नेटवर्कमध्ये उत्तर आले नाही याचा अर्थ काम झाले नाही असा नसतो. झाले असेल किंवा नसेल, एवढेच ठाऊक असते. म्हणून प्रत्येक निरोपाला पाठवणाऱ्यानेच कायमचा क्रमांक द्यावा आणि घेणाऱ्याने तो क्रमांक आधी आला होता का हे पाहूनच नोंद करावी. पट्टीवर छापील क्रमांक असतो तो याचसाठी. जुन्या पेढ्यांना ही गोष्ट संगणकाच्या कितीतरी आधीपासून माहीत होती, आणि नव्या प्रोग्राममधून तो क्रमांक ‘आपोआप’ पाडला गेला की ती विसरली जाते.

दार तेच ठेवून वाटा बदलता येतात हे वारणेच्या उदाहरणात दिसले. गावातल्या केंद्रांवरचे संगणक सांभाळणे जड जाऊ लागले तेव्हा तिथे मोबाइलच्या एसएमएसवरून तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला. उसाच्या वजनाची माहिती आणि ती दाखवण्याचे साधन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतील तर असा बदल पेलतो. सर्व्हिस लिहिण्याचा मोठा फायदा हाच आहे.

पुढे लखोटा हलका झाला. रॉय फील्डिंग यांनी २००० सालच्या प्रबंधात मांडलेली रेस्ट ही शैली रूढ झाली. तीत वेबचा पत्ता हीच वस्तूची ओळख आणि मिळवा, ठेवा, बदला, काढा ही मोजकी क्रियापदे. निरोपाचा मजकूर जेसनमध्ये जाऊ लागला, कारण ब्राउझरला तो जवळचा आणि लिहायला आखूड. आयकर विवरणपत्रांच्या फाइली वर्षानुवर्षे एक्सएमएलमध्ये भरल्या जात. २०२१ च्या नव्या पोर्टलपासून त्या जेसनमध्ये गेल्या. नवी सर्व्हिस लिहिणाऱ्याने आज जेसन घ्यावे, यात वाद नाही. एक्सएमएल शिकू नये हा त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. साचा आधी ठरवणे, एकक सोबत पाठवणे, नाव नेमके देणे ही शिस्त जेसनमध्ये कुणी लादत नाही, म्हणून ती आधी अंगी असावी लागते.

सुरक्षिततेबद्दल नवशिक्याला कुणी वेळेवर सांगत नाही. एक्सएमएलमध्ये बाहेरच्या फाइलचा मजकूर ओढून घेण्याची सोय आहे. बाहेरून आलेला निरोप तशाच पार्सरने वाचला तर पाठवणारा सर्व्हरवरच्या खासगी फाइली वाचू शकतो. सांकेतिक नावांची साखळी रचून काही ओळींच्या फाइलने पूर्ण यंत्राची स्मृती खाऊन टाकता येते. बाहेरच्या घटकांचे वाचन बंद करण्याची एक ओळ असते, ती लिहिल्याशिवाय कोणतेही दार उघडू नये.

सही केलेले एक्सएमएल पाहायचे असेल तर ज्याच्या-त्याच्या हाती एक नमुना आहे. आधारची ऑफलाइन केवायसी फाइल यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून स्वतःपुरती उतरवता येते. ती सांकेतिक शब्दाने बंद केलेली झिप असते आणि आत एक्सएमएल असते. नाव, जन्मतारीख, पत्ता हे सगळे अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, छायाचित्र अक्षरांत रूपांतरित केलेले आणि शेवटी डिजिटल सही. ही फाइल संपादकात उघडून ओळी नीट लावून जतन केली तर मजकूर तोच राहतो, सही मात्र जुळत नाही, कारण सही मोकळ्या जागांसकट मजकुरावर केलेली असते. अभ्यास करायचा तो फक्त स्वतःच्या फाइलवर. दुसऱ्याची फाइल सरावासाठी मागू नये, कुणी दिली तरी ठेवू नये.

पोच आणि निकाल वेगळे असतात, ही शेवटची गोष्ट. भारनियमनाच्या गोष्टीत ती अपघाताने दिसली. मोठ्या सेवा ती मुद्दाम तशीच बांधतात. एप्रिल २०१६ मध्ये एनपीसीआय या संस्थेने आणलेल्या यूपीआयमध्ये पैसे देण्याची विनंती गेली की लगेच फक्त पोच येते. पैसे खरोखर गेले की नाही याचे उत्तर थोड्या वेळाने वेगळ्या निरोपाने येते. प्रत्येक व्यवहाराला पाठवणाऱ्याने दिलेला क्रमांक असतो, आणि उत्तर आलेच नाही तर त्याच क्रमांकाने चौकशी करता येते. पट्टीच्या प्रोग्रामात जे ठेचा खाऊन शिकावे लागते ते तिथे नियमातच लिहिलेले आहे. यार्डाबाहेरच्या टपरीवर क्यूआर कोड स्कॅन करून चहाचे दहा रुपये दिले, तर तो निरोप बँका आणि एनपीसीआय यांच्यात जातो तो एक्सएमएलमधूनच.